तीन नंबरची तार

२ मार्च

पोचलो एकदाचा! बंदरातून लाँचने निघालो तेव्हा समोर दिसतंय ते जहाज आहे हे पटायलाच वेळ लागला. एखाद्या गावाची अख्खी पेठ उचलून पाण्यावर ठेवावी तसा प्रकार. आत शिरल्यावर जिने, बोळ, परत जिने. माझी बॅग दोनदा अडकली, तेव्हा मागून येणाऱ्याने ऐकवलं की जिन्यात सामान आडवं धरतो तो नवा. खरंच आहे. नवाच आहे मी.

इतकी वर्षं धक्क्यावर क्रेन दुरुस्त केल्या. आता विमानं अडवणाऱ्या तारांच्या मशीनवर नेमणूक झालीय. मशीनच्या खोलीला इथे सगळे तारघरच म्हणतात. आईला फोनवर तसंच सांगितलं, तर तिने आळीभर करून टाकलं की पोरगा पोस्टात लागला. वर थोडी नाराजही आहे, कारण तिच्या लहानपणी तार आली म्हणजे कोणीतरी गेलं एवढंच कळायचं. मीही खुलासा केला नाही. पोस्ट तर पोस्ट.

ताईचे यजमान याच जहाजावर वैमानिक आहेत. अधिकारी लोक सहसा आमच्या मजल्यावर उतरत नाहीत, पण भाऊजी आज मुद्दाम आले. पाठीवर थाप मारून सगळ्यांदेखत म्हणाले, आता नीट उतरायला हवं बुवा, सासरचा माणूस खाली बसलाय, चहाड्या थेट घरी जातील. ताईने मला निघताना वेगळंच सांगितलं होतं. तू तिथे आहेस म्हणून मला जरा झोप लागेल, म्हणाली.

खाट अरुंद आहे पण गादी चांगली. वरच्या खाटेवरचा माणूस घोरतो. मीही घोरतो म्हणतात, म्हणजे फिटंफाट.

४ मार्च

आज काम नीट समजलं. लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात बसेल.

डेकवर तीन तारा आडव्या ताणलेल्या असतात. विमान उतरताना त्याच्या शेपटीखाली लोंबणारा हुक त्यातल्या एका तारेत अडकायला हवा, नाहीतर डेक संपतो आणि समुद्र सुरू होतो. हुक चुकला तर वैमानिकाने त्याच क्षणी पुन्हा वर उडायचं आणि फेरी मारून परत यायचं. प्रत्येक तार डेकमधून खाली कप्प्यांवरून आपापल्या मशीनला येते. विमानाने तार ओढली की आमचा दट्ट्या तेलावर दाबला जातो आणि विमान दोन-तीन श्वासांत थांबतं. मग मी दांडा ओढून तार परत जागेवर नेतो.

विमान येण्याआधी वरून हेडफोनवर त्याचं वजन सांगतात. मी तेच वजन मोठ्याने म्हणायचं, चाक फिरवून लावायचं आणि ‘लागलं’ म्हणायचं. कमी लावलं तर विमान थांबत नाही, जास्त लावलं तर हुकच उपटून येतो. आमच्या खोलीचे म्होरके उस्ताद म्हणून ओळखले जातात. एका कानाने बहिरे, तोंडात कायम काडेपेटीतली काडी. त्यांच्या मते संसारही असाच असतो, ढीलही बेताची हवी आणि ताणही बेताचा; आपला का मोडला ते त्यांना या मशीनवर बसल्यावर कळलं म्हणे.

आमची तार तीन नंबरची, म्हणजे शेवटची. पहिल्या दोन चुकल्या तर ही. खोलीला खिडकी नाही. विमान आम्हाला दिसत नाही. छतावर धप्प होतं, कप्प्या किंचाळतात, दट्ट्या सरकतो. झालं.

९ मार्च

गंमत म्हणजे आता मला तारेला बसणाऱ्या ओढ्यावरून माणूस ओळखता येतो. उस्ताद म्हणाले होते तसं होईल म्हणून, मला थाप वाटली होती. भाऊजींचा ओढा मऊ आणि सरळ, दाराचा पडदा बाजूला सारावा तसा. आज चुकून आमच्या तारेत आले तेव्हा मी वरून सांगायच्या आधीच ओळखलं.

सगळ्यांत लहान वैमानिक आहे त्याला नवरदेव म्हणतात, कारण हेल्मेट घालायच्या आधीसुद्धा तो भांग पाडतो. तो नेहमी डावीकडे कलून येतो. आधी डावी कप्पी किंचाळते, मग जरा थांबून उजवी. आज उतरल्यावर तो बिस्किटाचा पुडा घेऊन खाली आला. आपली तार खालून कशी दिसते ते कोणी वैमानिक कधी बघत नाही म्हणाला. दट्ट्यावर तळवा ठेवून उभा राहिला. मला विचारलं, “आज जास्त ओढली का हो मी?” मी म्हटलं, थोडी. तर खरंच ओशाळला. उस्तादांनी बिस्किटं घेतली आणि त्याला सांगितलं की माफी मागायची तर मधोमध उतरून माग.

तो गेल्यावर म्हणाले, पोरगा चांगला आहे, फक्त घाबरतो. घाबरणारा माणूस तारेकडे बघतो, आणि बघतो तिकडेच विमान जातं.

१४ मार्च

दुपारपासून वारा होता. जहाज इतकं वरखाली होत होतं की तेलाचा डबा आपला आपण खोलीभर फिरत होता.

बाकीचे उतरले. नवरदेवाचा हुक चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही. दर फेरीला वरून त्याचं वजन सांगत होते आणि दर वेळी ते कमी होत होतं, इंधन जळत होतं तसं. चौथ्या वेळचं वजन मी लावलं तेव्हा उस्ताद काडी चावायचे थांबले होते.

या खेपेला त्याला आमची तार मिळाली. डावी कप्पी किंचाळली, मग उजवी. दट्ट्या निम्म्याच्या पुढे गेला. मला वाटलं, आला. आणि दोन्ही कप्प्या एकदम गप्प झाल्या. दट्ट्या परत यायला लागला, हलका, गळाला मासा नसताना दोरी येते तसा.

छतावर खूप पावलं धावली.

तार डावीकडच्या टोकाला तुटली होती. विमानाचा वेग तोवर निम्मा झाला होता. उडायला कमी आणि थांबायला जास्त. ते सावकाश कडेपर्यंत गेलं आणि खाली गेलं, असं बघणाऱ्याने सांगितलं. सावकाश हाच शब्द त्याने वापरला. बाहेर उडी घ्यायची खुर्ची असते. तिची कडी त्याने ओढली नाही.

हेलिकॉप्टर अंधार पडेपर्यंत फिरत होतं. काही मिळालं नाही.

१५ मार्च

चौकशी झाली. लावलेलं वजन बरोबर होतं. तारेचं आयुष्य संपलेलं नव्हतं. वैमानिकाने सांगितलं तसंच केलं होतं. दोष कोणाचाच नाही. अध्यक्ष साहेबांनी हे वाक्य वाचून दाखवलं आणि चष्मा पुसला.

दुपारी नवी तार बसवली. दुपारीच उड्डाणं सुरू झाली.

जेवलो. ताट रिकामं झालेलं पाहिलं तेव्हा जेवलो हे कळलं. ताईचा फोन आला, सगळं बरं आहे म्हटलं. रडू येईल म्हणून वाट पाहत होतो. आलं नाही. डॉक्टरांकडे आमच्या खोलीच्या दोघांनाही पाठवलं होतं. ते म्हणाले, मन असं सुन्न होतं ते बरंच असतं, त्याशिवाय माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागणार कसा. एक गोळी दिली.

१७ मार्च

सगळी विमानं उतरली होती. वरून डेक बंद झाल्याचं सांगितलं. मी फडक्याने तेल पुसत होतो.

डावी कप्पी किंचाळली. मग जरा थांबून उजवी.

दट्ट्या निम्म्याच्या पुढे गेला आणि कप्प्या गप्प झाल्या. मी वर फोन करून विचारलं तीन नंबरच्या तारेत कोण आलंय. वरचा माणूस म्हणाला, तुला काय झालंय, तार तर जागेवर पडली आहे, डेकवर कुत्रं नाही.

उस्ताद दारात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला एवढंच म्हणाले की तार परत ने. नेली. मग ते उपड्या बादलीवर बसले आणि म्हणाले, हे त्यांनी एकदा आधी पाहिलंय, खूप वर्षांपूर्वी, दुसऱ्या जहाजावर. मी विचारलं, तेव्हा तुम्ही काय केलंत. तर म्हणाले, काय करणार, तार परत न्यायची. दारात आलेल्याला हाकलता येतं, पण जो आलाच नाही त्याला कसं हाकलणार?

मला भीती वाटायला हवी होती. जेवायची घंटा झाली तशी मी हात धुवून गेलो.

१९ मार्च

रोज होतंय. उस्तादांनी वर कळवलं. इंजिनियर साहेब स्वतः आले. भला माणूस. सगळे काटे तपासले, तेल बदलून घेतलं, कप्प्या हाताने फिरवून पाहिल्या. मग डेक बंद झाल्यावर आमच्याबरोबर थांबले.

आलं. डावी, मग उजवी.

साहेबांचा हात दट्ट्यावरच होता. त्यांनी तो सावकाश काढून घेतला आणि पँटला पुसला. म्हणाले, तेलाचा दाब कमीजास्त होत असेल. दाराशी गेल्यावर वळून मला म्हणाले, मी बघितलं नाही, तूही बघू नकोस.

२१ मार्च

आज डेक बंद व्हायच्या आधीच आलं. दोन विमानं अजून आकाशात होती.

दांडा ओढताना वास आला. कसला जळका वास म्हणून पाहिलं तर माझंच डावं बोट गरम कप्पीला टेकलं होतं. फोड आलाय. दुखत नाही. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, मनगटापर्यंत काही कळत नव्हतं. मशीनच्या थरथरीने होतं असं, म्हणाले. आठवड्याने बघू.

२३ मार्च

भाऊजी उतरत असतानाच आलं.

त्यांचं वजन मी लावलं होतं. ‘लागलं’ म्हटलं होतं. छतावर धप्प व्हायच्या आधीच डावी कप्पी किंचाळली. दट्ट्या निम्म्यावर असताना भाऊजी डेकला टेकले. नशीब, दोन नंबरच्या तारेत अडकले. आमच्यात आले असते तर त्यांच्यासाठी दट्ट्याला जागाच उरली नव्हती.

मी वर जाऊन सांगितलं की तीन नंबर बंद ठेवा. कारण विचारलं. मी सांगितलं. एका साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की मशीन तपासलेलं आहे, समुद्र असा खवळलेला असताना शेवटची तार काढून कसं चालेल, पोरांचे जीव आहेत. त्यांचंही चूक नाही.

संध्याकाळी भाऊजी खाली आले. बादलीवर बसले. नेहमी म्हणतात तसं शालकराव वगैरे काही म्हणाले नाहीत. म्हणाले, “तू वर काय सांगितलंस ते कळलं मला. खरं आहे ते. उतरायला लागलो की माझ्या पुढे एक विमान असतं. डावीकडे कललेलं. फार खाली.”

मी विचारलं, तुम्ही कोणाला सांगितलंत का. ते म्हणाले, सांगितलं की उडणं बंद, आणि मग माझ्या जागी जो उडेल त्याच्या पुढे ते असेल. तो बिचारा तर त्याला ओळखणारही नाही.

ताईला यातलं काही कळवू नकोस म्हणाले. मी होकार दिला. मग दोघेही दट्ट्याकडे बघत बसलो.

२५ मार्च

उस्तादांनी आज तार परत नेली नाही.

आलं तेव्हा ते दांड्यावर होते. कप्प्या गप्प झाल्या, पण त्यांनी दांडा ओढला नाही. मला म्हणाले, रोज आपणच परत नेतो म्हणून तो रोज येतो, एकदा राहू दे त्याला तिथेच. काडी तोंडातून काढून खिशात ठेवली. वरून तार जागेवर न्या म्हणून ओरडत होते. तशी वरच्यांच्या डोळ्यांना ती जागेवरच होती, त्यांच्याकडचा काटा फक्त चुकीचा दिसत होता.

मग दट्ट्या पुढे जायला लागला. निम्म्याच्या खूप पुढे. आजवर कधी गेला नव्हता तिथे. उस्ताद दांड्याला धरून उभे होते आणि त्यांचे हात खांद्यापासून ताणले जात होते. हाक मारली. बहिऱ्या कानाच्या बाजूला होतो. पळत जाऊन मीच दांडा ओढला.

त्यांना दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, झटका आला. खाटेवर बसलेत, दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या. उघडत नाहीत. मी त्यांच्या हातांना कोपरापर्यंत हात लावून पाहिला. गार आणि ओले. पुसले की परत ओले होतात.

खोलीत आता मी एकटा. दुसरा माणूस किनाऱ्यावरून येईल तेव्हा येईल.

२६ मार्च

हेडफोनवर वजन सांगितलं. हलकं, इंधन संपत आलेल्या विमानाचं. मी ते मोठ्याने म्हटलं, लावलं, ‘लागलं’ म्हटलं. मग लक्षात आलं, आकाशात कोणीच नव्हतं. उड्डाणं तासाभराने होती.

वर विचारलं. कोणी सांगितलं नव्हतं.

परत आवाज आला. वजन नाही. विचारत होता, आज जास्त ओढली का—

हेडफोन काढून ठेवला. तरी ऐकू येत होतं.

डावा हात आता खांद्यापर्यंत. जेवताना घास तोंडाबाहेर पडत होता, समोरच्याने सांगितलं. ताईचा फोन. ती रडत होती, भाऊजी दोन दिवस बोलले नव्हते. मी ऐकत होतो. दुसऱ्या कोणाच्या घरातलं रडणं भिंतीतून यावं तसं.

२७ मार्च

खोलीतच लिहितोय. वही मांडीवर. काहीतरी करत राहिलं नाही तर हात कुठे आहेत ते कळत नाही.

वारा. तेलाचा डबा फिरतोय.

सगळे उतरले. भाऊजी राहिलेत. दोनदा हुक चुकला. वरचे म्हणतात, ते फार वर राहून येताहेत, कशाच्या तरी वरून आल्यासारखे. मला माहीत आहे कशाच्या.

—

इंधन एका फेरीपुरतं. एक आणि दोन चुकल्या तर मी.

हेडफोनवर दोन वजनं. एकावर एक. एक भाऊजींचं. एक हलकं. दोन्ही आवाज सारखेच शांत.

भाऊजींचं लावलं. ‘लागलं’ म्हटलं. दुसरा तेच हलकं वजन परत परत सांगतोय. मी त्याला ‘लागलं’ म्हणत नाही. म्हणणार नाही. तो विनवतोय, ओरडत नाही, फक्त—

डावी कप्पी हलली. मी खांदा लावला तिला. अख्खं अंग लावलं. चामडं जळाल्याचा वास. दुखत नाही, तेवढंच एक बरं.

धप्प.

मऊ. सरळ. पडदा सारावा तसा.

—

थांबले. भाऊजी थांबले. वर टाळ्या वाजताहेत, छतातून ऐकू येतंय. फोनवर सांगितलं, उतरले, चालताहेत, पाणी मागितलं. ताईला कळवायला सांगितलंय मी.

बरं वाटायला हवं. वाटेल.

तार परत न्यायची राहिली.

—

दांडा ओढला. जड येतेय.

वर विचारलं. ते म्हणतात, तार केव्हाच जागेवर आहे, डेक बंद, ये वर, भाऊजी तुला बोलावताहेत. काय ओढतोयस तू?

काय ओढतोय.

दट्ट्या उलटा चाललाय. तार डेकवरच थांबायला हवी. ती आत येतेय. छतातल्या तारेच्या भोकातून खोलीत. ओली. खारट वास. जमिनीवर वेटोळी पडताहेत.

जायला हवं. उठतोय.

—

उठलो असं वाटलं. बसलेलाच आहे. उजव्या हाताने लिहितोय. डावा दांड्यावरून काढला होता मी. नक्की काढला होता. पण बघतोय तर तो दांड्यावर आहे आणि ओढतोय, सावकाश, न थांबता, आणि मला त्यातलं काहीच—

डावी कप्पी. आता उजवी.

भोक लहान आहे. एवढ्या लहान भोकातून येणार नाही. येणार ना—

भांग पाडलेला आहे